मुलाच्या विकासातील अडचणी आणि पर्यायी उपचार : गोव्यातील पालकांनी निवड कशी करावी

मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारल्यावर वळून पाहत नाही किंवा बालवाडीत पाच मिनिटेही एका जागी बसत नाही, हे लक्षात आले की घरात दोन दिशांनी सल्ले येऊ लागतात. एक दवाखान्यातून येतो : तपासणी, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून दिली जाणारी), विशेष शिक्षिका. दुसरा नात्यागोत्यातून, शेजारातून आणि मुख्यतः त्याच वाटेने आधी गेलेल्या पालकांकडून येतो : गहू-दूध बंद करा, सुवर्णप्राशन (मधातून चाटवायचे सुवर्णभस्म) द्या, अमुक होमिओपॅथकडे जा, संगीतोपचार करा, मोठ्या शहरात स्टेम सेल (मूळ पेशी टोचण्याचा उपचार) करून घ्या. हा आढावा या दुसऱ्या सल्ल्यांचा आहे. असे सल्ले ऐकण्याची वेळ थोड्याथोडक्या घरांवर येत नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. श्रवणदोष, अपस्मार (आकडी), वाचादोष, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता अशांपैकी किमान एक अडचण साधारण आठांपैकी एका मुलात तिला आढळली.

उपचारांची तुलना करण्यापूर्वी त्यांची शिफारस करणाऱ्या अनुभवाकडे पाहणे आवश्यक आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत सिक्रेटिन या संप्रेरकाची ६० स्वमग्न मुलांवर चाचणी झाली. काही पालकांनी या इंजेक्शनाने मूल बोलू लागल्याचे सांगितले होते आणि त्याला मोठी मागणी आली होती. चाचणीत निम्म्या मुलांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना निव्वळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. पुढच्या आठवड्यांत दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारल्याचे दिसले. याहून बोलका भाग पुढे आहे : औषधाचा उपयोग नाही हे समजल्यावरही ६९ टक्के पालकांना ते आपल्या मुलासाठी हवेच होते. त्या पालकांना भोळे ठरवण्यात अर्थ नाही. मुले वाढत असतात, चांगले आणि वाईट महिने येत-जात असतात, आणि नवा उपचार आपण बहुधा सर्वांत वाईट महिन्यात सुरू करतो. त्यामुळे त्यानंतरची सुधारणा उपचाराच्या खात्यावर जमा होते. ‘आमच्या मुलाला गुण आला’ हे वाक्य म्हणूनच प्रामाणिक असू शकते आणि तरीही उपचाराचा पुरावा ठरत नाही.

निवड करताना मी चार गोष्टी पाहीन : उपचाराला चाचण्यांचा आधार किती, इजा होण्याची शक्यता किती, पैसे किती जातात, आणि मुलाचे व आईबाबांचे किती तास जातात. काणकोणहून पणजीपर्यंत सुमारे ७० किलोमीटर जाऊन अर्ध्या तासाचा उपचार घ्यायचा, तर त्या कुटुंबासाठी तो अर्ध्या तासाचा राहत नाही, अख्खा दिवस होतो. आणि खर्चाच्या हिशेबात बहुतेक जण नेमके हेच धरत नाहीत.

तुलना कशाशी करायची

पर्यायी उपचार ‘काहीच न करण्याशी’ ताडून पाहिला तर तो नेहमी बरा दिसतो. त्याची खरी तुलना तेवढ्याच वेळात घरी करता येणाऱ्या सिद्ध गोष्टीशी व्हायला हवी, आणि अशा एका गोष्टीची चाचणी गोव्यातच झालेली आहे. पर्वरीच्या संगाथ संस्थेचा सहभाग असलेल्या या अभ्यासात गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. तज्ज्ञ थेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते आईबाबांबरोबर बसत, मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण करत आणि ते पालकांना दाखवून त्यावर बोलत. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते एका उदाहरणावरून समजेल. मूल जमिनीवर बसून नारळाची करवंटी गरगर फिरवत आहे. आई सवयीने विचारते, ‘हे काय आहे सांग? रंग कोणता? माझ्याकडे बघ.’ मूल पाठ फिरवते. चित्रीकरणात आईला स्वतःचे प्रश्न आणि मुलाची फिरलेली पाठ हे दोन्ही एकापाठोपाठ दिसतात. पुढच्या वेळी ती दुसरी करवंटी घेऊन शेजारी बसते, तीही फिरवते, ‘गरगर’ एवढेच म्हणते आणि थांबते. हे थांबणेच सर्वांत कठीण असते. मग कधीतरी मूल आपली करवंटी तिच्याकडे सरकवते, आणि संवादाची सुरुवात त्याच्याकडून होते.

त्या चाचणीत हेच मोजले गेले : पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलाने स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. भाषेच्या मोजमापात मात्र फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे सिद्ध उपचारही जादू करत नाही. पण त्याला धोका नाही, तो घरात होतो आणि तो शिकलेले आईबाबा दिवसभर मुलाजवळच असतात. पर्यायी उपचाराने या तुलनेत उतरावे.

आहारबदल आणि आयुर्वेद

पालकांच्या बोलण्यात सर्वाधिक येणारे हे दोन पर्याय आहेत आणि दोन्हींत ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हा युक्तिवाद असतो.

गहू आणि दूध पूर्ण वर्ज्य करण्याच्या आहाराची तपासणी अनेक लहान चाचण्यांत झाली आहे आणि स्वमग्नतेच्या लक्षणांवर त्याचा खात्रीचा परिणाम दिसलेला नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात हा आहार सांभाळणे इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे, कारण भात, हुमण, नारळाचा रस, नाचणीची भाकरी, सोलकढी यांत गहूही नाही आणि दूधही नाही. सकाळचा पाव आणि उंडे, शाळेतील वाढदिवसांचा केक, देवळातील शिरा मात्र सुटतो. अडचण अशी की अनेक स्वमग्न मुले मुळात चार-पाचच पदार्थ खातात. त्यांतील दूध आणि पाव काढून घेतला तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने कुठून येणार, याचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून करून घ्यायलाच हवा. मुलाला सतत जुलाब, पोटफुगी किंवा वजन न वाढणे असा त्रास असेल, तर गहू बंद करण्याआधी सीलिअॅक आजाराची (गव्हातील प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या) रक्ततपासणी करावी, कारण गहू सोडल्यानंतर ती तपासणी भरवशाची राहत नाही. हा क्रम उलटा होताना वारंवार दिसतो.

आयुर्वेदाबाबत सरसकट होकार किंवा नकार दोन्ही चुकीचे ठरतील, कारण त्या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. गोव्यात शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. त्यामुळे पदवीधर वैद्य गाठणे कठीण नाही. स्पर्श सहन होणाऱ्या मुलाला कोमट तेलाने अभ्यंग केल्यास ते शांत होते, झोपेची वेळ ठरते आणि आईच्या हाताशी नाते जुळते. याला माझा पूर्ण होकार आहे. पोटात घ्यायच्या औषधांचा, विशेषतः धातूंच्या भस्मांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. ज्या मुलाच्या विकासाची काळजी आहे, त्यालाच ते नकळत देणे परवडणारे नाही. पुष्य नक्षत्रावर दिले जाणारे सुवर्णप्राशन मधात असते, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पुडीवर घटकांची आणि उत्पादकाची छापील माहिती नसेल, तर ती पुडी कितीही विश्वासू माणसाने दिलेली असली तरी घेऊ नये.

होमिओपॅथीविषयी थोडक्यात सांगता येते. या अडचणींवर ती उपयुक्त असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. अति-विरल गोळ्यांपासून थेट अपायही सहसा नसतो. धोका ‘सहा महिने वाट पाहा, तोवर थेरपी नको’ या सल्ल्यात आहे.

संगीत, योग आणि तत्सम उपक्रम

पर्यायी उपचारांपैकी संगीतोपचाराचा आधार तुलनेने बरा आहे, पण त्याचे दोन पैलू आहेत. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पाच महिन्यांनंतर सामाजिक लक्षणांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. त्यानंतर २०२२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात मात्र एकूण सुधारणेची आणि जीवनमान उंचावण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की, बोलणे यावे म्हणून संगीतोपचाराला महाग शुल्क देऊ नये, पण मुलाला ताल आवडत असेल तर त्याला तबल्याच्या वर्गात, भजनात किंवा चॅपेलच्या गायनात जागा मिळवून द्यावी. प्रशिक्षित संगीतोपचारक नसलेल्या तालुक्यातही पेटी-तबला शिकवणारे बुवा असतात, आणि गोव्याची ही श्रीमंती कमी लेखण्याचे कारण नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी : ज्या मुलाला मोठा आवाज असह्य होतो, त्याला शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांसमोर ‘सवय व्हावी’ म्हणून उभे करणे क्रूरपणाचे आहे. कानांवर आवाज रोखणारे हेडफोन लावून त्याला लांबून पाहू द्यावे.

योगाचे अभ्यास लहान आहेत, धोका नगण्य आहे. ओमेगा-३च्या कॅप्सूलचा अतिचंचलतेवरील परिणाम आढळला तरी अल्प असतो. बांगडे-तारले खाणाऱ्या घराने त्यासाठी वेगळा खर्च करण्याआधी विचार करावा. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल यांची संवेदना पेलण्याचा सराव, ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या देखरेखीखाली आणि ठराविक उद्दिष्टासाठी, उदाहरणार्थ दात घासू देणे किंवा केस कापू देणे, असेल तर करून पाहण्याजोगे आहे.

ज्यांना नकार द्यावा

तीन उपचारांबाबत मी तुलनाच करणार नाही. शरीरातील जड धातू बाहेर काढण्याच्या नावाखाली केले जाणारे किलेशन हा पहिला. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा त्यात हृदय बंद पडून मृत्यू झाला. दुसरा, दाबाखालील प्राणवायूच्या कोठडीत बसवण्याचा. स्वमग्नतेसाठी त्याला मान्यता नसल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. तिसरा स्टेम सेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे हा उपचार नियमित सेवा म्हणून देता येत नाही, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येणार नाही असे सांगितले. याच उपचारासाठी कुटुंबे दागिने गहाण ठेवतात, म्हणून तो येथे वेगळा नोंदवला आहे.

पालकांनी पालकांकडून काय घ्यावे

इतर पालकांचा सहवास आणि इतर पालकांचे औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत. रात्री दोनला उठून घरभर धावणाऱ्या मुलाची आई काय सोसते, हे त्याच अनुभवातून गेलेली दुसरी आई न सांगता ओळखते. तिच्याकडे एक दुपार मुलाला ठेवता येते, वाळपईहून निघालेल्या दोन कुटुंबांना एकच गाडी करता येते, कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक मनापासून प्रवेश देतात हे तिला ठाऊक असते. हे सारे कोणत्याही तज्ज्ञाकडे मिळत नाही आणि ते निःसंकोच घ्यावे. तिच्या मुलाला लागू पडलेले औषध मात्र तसेच घेऊ नये. तिला तीन प्रश्न विचारावेत. त्या महिन्यांत आणखी काय सुरू होते? मूल आधी काय करत नव्हते आणि नंतर नेमके काय करू लागले? आणि उपचार थांबवल्यावर काय झाले?

नवा उपचार सुरू करायचाच असेल तर एका वेळी एकच करावा, आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन-तीन महिने वहीत नोंदी ठेवाव्यात, आणि शक्य असल्यास त्या नोंदी उपचाराची कल्पना नसलेल्या व्यक्तीकडून, म्हणजे वर्गशिक्षिकेकडून किंवा दुसऱ्या घरी राहणाऱ्या आजीकडून घ्याव्यात. ‘एकाग्रता वाढली’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘जेवताना ताटासमोर किती मिनिटे बसला’ ही उपयोगी. सर्व पालकांनी हीच पद्धत ठेवली तर एकमेकांना दिलेल्या सल्ल्याला वजन येईल.

पालकांमध्ये फिरणारा आणखी एक सल्ला गोव्यात विशेष त्रासदायक ठरतो : घरची कोंकणी-मराठी सोडून मुलाशी फक्त इंग्रजीत बोला. एकापेक्षा अधिक भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे लांबते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. शिवाय आजीची भाषा काढून घेतली की आजीशी बोलण्याचे तासही जातात.

देवाला कौल लावण्याबद्दल किंवा नवस बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने आईबाबांना धीर येत असेल तर तो हवाच आहे, फक्त तपासणीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

पैशांच्या बाबतीत, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढावे लागते. आणि मुलाला आकडी येत असेल, तर कोणीही सांगितले तरी तिच्यावरील गोळ्या मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी किंवा बंद करू नयेत. अचानक बंद केलेल्या गोळीमुळे सलग झटके येऊन मूल अतिदक्षता विभागात जाऊ शकते. नव्या उपचारकाने गोळ्या बंद करण्याचीच अट घातली, तर त्याच क्षणी उठून यावे.