आठ महिने मालिकाकथांच्या (भागाभागांनी येणाऱ्या कथांच्या) ॲपवर: ‘पोरंटोरं’ लेखकांवरचे शिक्के तपासून

वापर: आठ महिने, रोज. भूमिका: वाचक, प्रतिसादक, अधूनमधून मुद्रितशोधक. ॲप्स दोन, २००६ साली टोरांटोत सुरू झालेलं वॉटपॅड आणि २०१४ पासूनचं बेंगळुरूचं प्रतिलिपि. जोडीला १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीसारखी मराठी संस्थळं. खालचं निरीक्षण कुण्या एका ॲपचं नाही, या सगळ्या प्रकाराचं आहे.

नवलेखकांवरचे शिक्के सगळीकडे सारखेच. शुद्धलेखन येत नाही, टीका झेपत नाही, कथा अर्धवट सोडतात, गर्विष्ठ श्रीमंत नायकापलीकडे काही सुचत नाही. संस्थळांवरचा जुना शब्द वापरायचा तर ‘जिलब्या पाडतात’, म्हणजे एकामागून एक सुमार लेखन टाकत सुटतात. गंमत अशी की बहुतेक ठिकाणी लेखकाचं वय दिसतच नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आणि बदामाची चार चिन्हं दिसली की प्रतिसादक वय सोळा धरून मोकळा होतो. प्रत्यक्षात तीच चूक करणाऱ्या आयडीच्या परिचयात नातवाचा फोटो असतो.

सर्वात मोठी बोंब शुद्धलेखनाची. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना के-ए-एल टंकलं की ‘काल’, ‘काळ’, ‘कल’, ‘कळ’ यांतलं काय पुढे सरकवायचं हे कीबोर्ड ठरवतो. घाईत पहिला पर्याय घेतला की ‘काळ’चा ‘काल’ होतो आणि ‘पाणी’चं ‘पानी’. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे: तोच शब्द त्याच भागात एकदा बरोबर आणि एकदा चूक असतो. पण सगळीकडे ‘की’च्या जागी ‘कि’ असेल तर तो कीबोर्डचा दोष नव्हे, नियम माहीत नाही. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ. मराठी अव्ययांपैकी ‘आणि’ व ‘नि’ ही दोनच ऱ्हस्व. प्रतिसादात हा फरक करून सांगितलं तर लेखक दुरुस्त करतो. ‘आधी शुद्धलेखन शिका’ म्हटलं तर काहीच करत नाही, आणि करणार तरी काय?

चुकीचा तिसरा प्रकार अर्ध्या चोखंदळ वाचकांनाही कळत नाही. ‘दुसऱ्या’मधला र वेगळा आहे. साधा र, हलन्त आणि य असं टंकलं की रफार चढून ‘दुसर्या’ होतं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबल्यावर हवा तो ऱ मिळतो. त्यापुढे हलन्त आणि य. हे माहीत नसल्यामुळे लग्नाच्या प्रसंगात ‘आचार्यांनी भाजीत मीठ जास्त टाकलं’ असं वाचायला मिळतं. म्हणायचं असतं ‘आचाऱ्यांनी’.

टीका न झेपण्याबद्दल. संस्थळावर टीका धाग्याखाली होते, तिथेच उत्तर देता येतं. तारे असलेल्या ॲपवर तीच टीका आकडा होऊन कथेच्या मुखपृष्ठाशी चिकटते. हिशोब करून पाहा. नव्या कथेला तीन वाचकांनी पाच-पाच तारे दिले आणि चौथ्याने एक, तर सरासरी थेट ४ वर येते. दोनशे जणांनी पाच-पाच तारे दिलेल्या जुन्या लेखकाला तोच एक तारा पडला तर सरासरी ४.९८ राहते. एकाच फटक्यात पूर्ण तारा गमावलेला माणूस चिडतो, मग त्याचं वय काहीही असो. म्हणून सूचना असेल तर ती व्यक्तिगत संदेशात, आणि नवीन कथेला एक-दोन तारे देण्याआधी निदान तीन भाग वाचून. लेखकानेही भागाखाली नुसतं ‘कसा वाटला?’ विचारू नये. त्यावर ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) याशिवाय काही येत नाही. ‘कोण बोलतंय ते कुठे कळलं नाही?’, ‘कुठून पुढे वाचावंसं वाटलं नाही?’ असे दोन नेमके प्रश्न टाकले की चार ओळींची उत्तरं मिळतात.

अर्धवट सोडण्याचा आरोप मात्र खरा आहे. कारण आळस नाही, मांडणी आहे. वाचनसंख्या प्रत्येक भागाची वेगळी दिसते, पहिल्या भागाची सर्वात मोठी असते आणि पुढे ती घसरतेच. नवखा लेखक ही घसरण आपल्या लेखनाची समजतो. त्यात दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेली मालिका बारावीच्या परीक्षेमुळे जानेवारीत थांबते. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: पहिला भाग टाकण्याआधी दहा भाग लिहून तयार हवेत, ठरलेल्या दोन वारांनाच भाग टाकावा आणि शिल्लक चारच्या खाली गेली की नवीन टाकणं थांबवून आधी लिहावं. एक भाग ७०० ते ९०० शब्दांचा पुरे. तीन ओळींचा परिच्छेदही फोनवर लांबच दिसतो. मसुदा ॲपच्या चौकटीत न ठेवता गुगल डॉक्समध्ये ठेवावा. व्हॉट्सॲपमधून चिकटवला तर ठळक अक्षरांसाठीच्या चांदण्या (*) मजकुरात तशाच उरतात.

रोजच्या शब्दांचं लक्ष्य बरेच जण नॅनोरायमो या महिन्याभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमावरून घेतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये बंद पडलेल्या त्या उपक्रमात नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७ लिहायचे असत. तो आकडा इंग्रजीचा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. ‘शेजारच्यांबद्दलसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द मोजला जातो. मराठीत रोज १,६६७ म्हणजे आठव्या दिवशी दम. हजार ठेवा.

श्रीमंत नायकाबद्दल थोडक्यात: ॲपच्या पहिल्या पानावर जे दिसतं तेच नवीन माणूस लिहितो. शोधपेटीत ‘गूढकथा’, ‘ग्रामीण’, ‘विनोदी’ टाकून नव्यात नवं आधी लावलं तर वेगळं लिहिणारी मुलं सापडतात. त्यांना वाचक नसतात, एवढंच.

माझ्या मते एक शिक्का योग्य आहे, पण तो क्वचितच मारला जातो: पहिला खर्डाच प्रसिद्ध करणं. एक रात्र मध्ये जाऊ दिली आणि सकाळी मोठ्याने वाचलं तर निम्म्या चुका कानालाच कळतात.

आता पैशांचं आणि चोरीचं, कारण यात वयाचा खरोखर संबंध येतो. मोबदल्याचा करार समोर आला आणि लेखक अठराच्या आत असेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे त्याला स्वतः करार करता येत नाही. पालकांना बसवून, हक्क किती वर्षांसाठी आणि ऑडिओ-दृश्य रूपांतरासकट जातात का, हे वाचून घ्यावं. लेखनावरचा हक्क १९५७ च्या कायद्याने लिहिताक्षणी मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. कथा परवानगीशिवाय यूट्यूबवर वाचून टाकलेली सापडली तर खाली भांडत बसू नये, व्हिडिओ काढला गेला की पुरावाही जातो. आधी पडदाचित्र (स्क्रीनशॉट) घ्या, मूळ भागाचा दुवा आणि तारीख लिहून ठेवा, मग यूट्यूबचाच स्वामित्वहक्काचा अर्ज भरा.

गुण: वाचक मिळवण्यासाठी पाचपैकी चार, लेखन सुधारण्यासाठी दोन.