साठ सर्व्हर, एक विंडो: आरडीसीमॅन नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांपूर्वी माझ्या डेस्कटॉपवर आरडीपीच्या, म्हणजे दूरच्या विंडोज मशीनची स्क्रीन आपल्यासमोर उघडण्याच्या सोयीच्या, शॉर्टकटची गर्दी झाली होती. साठेक विंडोज सर्व्हर, आम्ही चार ॲडमिन, आणि कुठे कोणत्या अकाउंटने शिरायचं हे सांगणारी एक एक्सेल शीट. ती शीट कायम महिनाभर मागे असायची. म्हणून आरडीसीमॅन, म्हणजे रिमोट डेस्कटॉप कनेक्शन मॅनेजर, हे अशी सगळी कनेक्शन एका विंडोत ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल वापरायला घेतलं. फुकट आहे, झिप उघडून थेट चालवता येतं, आणि आता ऑफिसात आल्यावर सगळ्यात आधी तेच उघडते.

घेण्याआधी मी थोडी बिचकले होते, कारण हे टूल मधे एकदा बंद पडलं होतं. मार्च २०२० मध्ये सीव्हीई-२०२०-०७६५ ही त्यातली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. कनेक्शनची यादी एक्सएमएल फाइलमध्ये असते, आणि मुद्दाम बनवलेली अशी फाइल उघडली तर तुमच्या मशीनवरच्या फायली वाचल्या जाण्याचा धोका होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा ते मागे घेतलं. जून २०२१ मध्ये ते सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्याच टूल्सच्या संचातून २.८ म्हणून परत आलं. कोणाच्या जुन्या फोल्डरात २.७ पडलं असेल तर ते आधी काढून टाका, आणि बाहेरून आलेली आरडीजी फाइल (म्हणजे हीच कनेक्शनची यादी) कुठल्याच आवृत्तीत डोळे झाकून उघडू नका.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते इनहेरिटन्स, म्हणजे वरची सेटिंग खाली आपोआप लागू होणं. अकाउंट, गेटवे, स्क्रीनचा आकार हे सगळं ग्रुपवर एकदाच ठरवायचं, आतले सर्व्हर ते वरून उचलतात. एखादा वेगळा असेल तर तेवढ्यावरची टिक काढायची. एका ग्रुपमध्ये एकतर सर्व्हर राहतात किंवा उपग्रुप, दोन्ही एकत्र नाहीत; त्यामुळे रचना कागदावर आखून मगच भरायला घ्या. मी ती आधी इमारतीप्रमाणे केली आणि दोन महिन्यांनी सगळी मोडून कामाप्रमाणे केली: डेटाबेस, फाइल, वेब, बॅकअप. पॅचिंगच्या, म्हणजे अपडेट लावायच्या, रात्री सर्व्हर कोणत्या खोलीत आहे याने काही फरक पडत नाही, तो काय काम करतो याने पडतो.

पासवर्ड साठवायचे की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. टूल ते विंडोजच्या तुमच्या लॉगिनला बांधून एन्क्रिप्ट करतं, म्हणून तीच फाइल सहकाऱ्याला दिली तर यादी जाते, पासवर्ड जात नाहीत. हे चांगलंच आहे. पण तुमच्या लॉगिनखाली चालणारा कोणताही प्रोग्राम ते उलगडू शकतो, म्हणजे मशीनमध्ये कोणी घुसलं तर ती फाइल म्हणजे चाव्यांचा जुडगाच. म्हणून साध्या सर्व्हरचे पासवर्ड मी साठवते, सगळ्या नेटवर्कवर अधिकार असलेल्या डोमेन ॲडमिनचा कधीच नाही. सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरवर जायचं असेल तर एमएसटीएससी, म्हणजे विंडोजचा स्वतःचा आरडीपी प्रोग्राम, ‘रिमोटगार्ड’ स्विचसह वेगळं उघडते, म्हणजे क्रेडेन्शियल (लॉगिनचे तपशील) पलीकडच्या मशीनवर जातच नाहीत. त्याला केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत लागते, आणि त्यासाठी आयपी (आकड्यांचा पत्ता) नव्हे, सर्व्हरचं नाव द्यावं लागतं.

ही आयपीची सवय मला आणखी एका ठिकाणी नडली. सुरुवातीला सगळी यादी मी आयपीने भरली होती. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवर नाव असतं, म्हणून प्रत्येक वेळी इशारा यायचा आणि मी न वाचता ‘होय’ दाबायचे. महिनाभराने लक्षात आलं की खरंच मध्ये कोणी बसलं असतं तरी मी तेच दाबलं असतं. मग सगळीकडे पूर्ण डोमेन नाव घातलं आणि अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटीकडून सर्टिफिकेट लावली. दोन दिवस गेले. आता इशारा आला की मी थांबते आणि वाचते.

आता सेशनबद्दल, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेल्या आपल्या लॉगिनबद्दल. हे मी नीट सांगणार आहे, कारण नऊ महिन्यांत मला सर्वाधिक शिकवलं ते इथे. विंडो बंद करणं म्हणजे लॉगऑफ नव्हे, हे प्रत्येक ॲडमिनला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण घाईत विंडो बंद करून निघून जातो. मागे डिस्कनेक्ट झालेलं सेशन राहतं: उघडी ॲप्लिकेशन, अडकवलेली मेमरी, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह, सगळं तसंच.

तिसऱ्या महिन्यात माझा पासवर्ड बदलला आणि त्याच दुपारी अकाउंट लॉक झालं. उघडून घेतलं, वीस मिनिटांत पुन्हा लॉक. दिवसभर हेच. शेवटी डोमेन कंट्रोलरच्या लॉगमध्ये अकाउंट लॉक झाल्याची नोंद, इव्हेंट ४७४०, पाहिली. लॉकआउट कोणत्या मशीनवरून झाला त्याचं नाव त्यात असतं. ते बॅकअप सर्व्हरचं निघालं. तिथे माझं नऊ दिवसांचं डिस्कनेक्टेड सेशन होतं आणि त्यातला एक मॅप केलेला ड्राइव्ह जुन्या पासवर्डने दार ठोठावत बसला होता. आरडीसीमॅनमध्ये सर्व्हरवर उजवं क्लिक करून ‘लिस्ट सेशन्स’ काढलं, तिथूनच लॉगऑफ केलं, आणि त्यानंतर अकाउंट एकदाही लॉक झालं नाही. ती सोय माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून होती. मी तोवर ती उघडलीच नव्हती.

त्या सेशनच्या यादीसाठी आरडीपीचा ३३८९ पोर्ट उघडा असून भागत नाही, ती आरपीसी या विंडोजच्या वेगळ्या वाटेने येते. सर्व्हर जोडला जातो पण यादी येत नाही असं झालं तर आधी फायरवॉल बघा. शिवाय ती एका वेळी एकाच सर्व्हरची असते. साठ वेळा उजवं क्लिक कोण करणार? त्यासाठी पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेत ‘क्वेरी यूजर’ कमांडचा छोटा लूप लिहिला. तो रोज संध्याकाळी सगळ्या सर्व्हरवरची नावं, स्थिती आणि आयडल वेळ एका फाइलमध्ये आणतो.

थंबनेल दिसायला सुंदर आहेत. ग्रुपवर क्लिक केलं की आतले जोडलेले सगळे सर्व्हर छोट्या चौकटींत जिवंत दिसतात, आणि पॅचिंगच्या रात्री कोण रीस्टार्ट होऊन उठलं ते एका नजरेत कळतं. पण त्यातली प्रत्येक चौकट म्हणजे एक चालू सेशन. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचं लायसन्स नसेल तर विंडोज सर्व्हर एका वेळी दोनच ॲडमिन सेशन देतो. आम्ही दोघींनी एका रात्री डेटाबेस ग्रुप पूर्ण जोडून ठेवला आणि घरी गेलो. सकाळी तिसऱ्या सहकाऱ्याला आत शिरायला जागा नव्हती, आणि नेमका त्याच सकाळी एका डेटाबेसची डिस्क भरली होती. आता ग्रुप जोडायचा तो काम सुरू असेपर्यंतच, असं आम्ही चौघांनी ठरवलंय.

ठरवून सगळं होत नाही, म्हणून सगळ्या सर्व्हरना एकत्र नियम लावणाऱ्या ग्रुप पॉलिसीत ‘सेशन टाइम लिमिट्स’ लावली: आयडल सेशन एका तासाने डिस्कनेक्ट, डिस्कनेक्टेड सेशन दोन तासांनी लॉगऑफ. पहिल्याच आठवड्यात एकाची रात्रभराची फाइल कॉपी मध्येच मेली, कारण ती त्याच्या सेशनमध्येच चालली होती. त्याचा राग मला पटला. पॉलिसी लावण्याआधी मी सगळ्यांना विचारायला हवं होतं. लांबलेली कामं आता सेशनशिवाय काम चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये गेली आहेत, आणि तिथेच ती सुरुवातीपासून असायला हवी होती.

एक चूक मात्र कोणत्याही सेटिंगने टळत नाही: एकसारख्या निळ्या डेस्कटॉपांमध्ये चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट करणं. डिस्प्ले नावात आधी ‘लाइव्ह’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलं, आणि सिसइंटर्नल्सच्याच बीजीइन्फोने प्रत्येक वॉलपेपरवर सर्व्हरचं नाव मोठ्या अक्षरांत आणलं. तेव्हापासून ही चूक झालेली नाही.

उणिवा स्पष्ट सांगते. हे फक्त आरडीपी बोलतं. आमच्या सहा लिनक्स मशीनसाठी एसएसएचने जोडणारी पुट्टी वेगळी उघडावी लागते. ज्यांच्याकडे अर्धे लिनक्स आहेत त्यांनी एसएसएच आणि व्हीएनसी या जोडणीच्या पद्धतीही घेणाऱ्या एमरिमोटएनजी या टूलकडे बघावं. चौघांनी मिळून एकच यादी सांभाळायची सोय यात नाही. आम्ही पासवर्ड नसलेली मूळ फाइल शेअरवर ठेवतो, आणि नवीन सर्व्हर आला की मी ती बदलून बाकीच्यांना कळवते. कोण कधी आत गेलं याची नोंदही टूल ठेवत नाही. ती सर्व्हरच्या लोकल सेशन मॅनेजर लॉगमध्ये इव्हेंट क्रमांकाने शोधावी लागते, लॉगऑनला २१, लॉगऑफला २३, डिस्कनेक्टला २४, परत जोडल्यावर २५.

काल संध्याकाळच्या फाइलमध्ये साठ सर्व्हरवर मिळून तीन डिस्कनेक्टेड सेशन होती. लूप पहिल्यांदा चालवला तेव्हा एक्केचाळीस होती, त्यातली चौदा माझी.