फुटबॉलवरची कादंबरी निवडताना: मैदान किती, मैदानाबाहेर किती?

फुटबॉलवेड्या मुलाला फुटबॉलची कादंबरी आणून दिली की तो आपोआप वाचायला लागेल, हा हिशेब बरेचदा फसतो. मुखपृष्ठावर चेंडू असतो, आत मात्र पहिली चाळीस-पन्नास पानं चेंडूला कोणाचा पायच लागत नाही. पोरगं पुस्तक मिटवून खेळायला निघून जातं. उलटंही होतं. भरपूर वाचणाऱ्या मुलीला सामन्यामागून सामना असलेली मालिका दिली, तर तिसऱ्या भागापर्यंत तिला शेवटच्या मिनिटाचा गोल वीस पानं आधीच दिसायला लागतो. म्हणून मागे छापलेल्या वयोगटाआधी दोन गोष्टी बघाव्यात: पुस्तकात प्रत्यक्ष मैदान किती आहे, आणि मैदानाबाहेर जे आहे ते किती जड आहे.

खरेदीतली नेहमीची फसगत आधीच सांगून टाकू. अमेरिकी याद्यांमध्ये ‘फुटबॉल’ म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आपल्याला हवा तो खेळ तिथे ‘सॉकर’ म्हणून शोधायचा. खालची सगळी पुस्तकं इंग्रजीत वाचता येतात, त्यामुळे भाषेचा भारही तोलावा लागतो.

वाचायचा कंटाळा असेल तर

क्वामे अलेक्झांडर यांचं ‘बुक्ड’ (२०१६) हातात घेतलं तर जाड वाटतं. पण सगळी कादंबरी मुक्तछंदात आहे. काही पानांवर मोजक्याच ओळी, बाकी कोरं. पानं भराभर उलटतात आणि न वाचणाऱ्या मुलाला तेवढ्यानेच हुरूप येतो. नायक निक बारा वर्षांचा. वडील भाषाशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी स्वतः केलेला अवघड शब्दांचा कोश ते त्याला सक्तीने वाचायला लावतात. ते शब्द कवितांमध्ये येतात आणि तळटिपांत त्यांचे अर्थ. इंग्रजी दुसरी भाषा असलेली मुलं इथेच अडकतात. तळटिपा सोडून पुढे वाच, असं सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गोष्ट कुठेही तुटत नाही. दुसरी अडचण फुटबॉलची. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावरच निकचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं आणि मग पुस्तकात आई-वडिलांची ताटातूट, वाचनालय आणि एक मुलगी यांनाच जास्त जागा मिळते. सामन्यांसाठी वाचणारा नाराज होईल. कवितेच्या तुटक ओळी जमत नसतील तर याच गोष्टीची चित्रकादंबरीही निघाली आहे.

टॉम पामर यांचं ‘ओव्हर द लाइन’ (२०१४) अगदी बारीक, आणि बेताच्या वाचकासाठी जास्त भरवशाचं. त्याचा नायक जॅक कॉक हा खरा खेळाडू, पहिल्या महायुद्धात फुटबॉलपटूंच्या पलटणीत लढलेला आणि युद्धानंतर १९१९ मध्ये इंग्लंडकडून खेळलेला. ते काढणारी बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचताना येणारी अडचण) असलेल्या वाचकांचा विचार करून पुस्तकं छापते: पिवळसर कागद, वेगळा टाइप, छोटी प्रकरणं. भाषा सोपी, पण विषय पोरकट नाही. त्यामुळे वाचनात मागे असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला ते हातात घ्यायला लाज वाटत नाही. खंदकातले मृत्यू आहेत, एवढं लक्षात ठेवावं.

दोन गोलरक्षक

खरी निवड बारा ते चौदाच्या टप्प्यात आहे. इथली दोन्ही पुस्तकं गोलरक्षकांची आहेत, आणि त्यांच्यात काहीच सारखं नाही.

मल पीट यांच्या ‘कीपर’मध्ये (२००३) विश्वचषक जिंकून आलेला गोलरक्षक एल गातो एका क्रीडापत्रकाराला रात्रभर मुलाखत देतो. चषक तिथेच टेबलावर. गातो वाढला दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात, लाकूडतोड्यांच्या वस्तीत. तिथल्या एका मोकळवणात कोणीही न उभारलेले गोलपोस्ट दिसतात आणि त्यात उभी असलेली एक भुतासारखी आकृती त्याला शिकवायला लागते. हे शिकवणं हाच पुस्तकाचा गाभा आहे. स्ट्रायकर एकटा चाल करून येत असताना गोलरेषेवर थांबलं तर त्याला दोन्ही कोपरे मोकळे मिळतात. दोन-चार पावलं पुढे आलं की कोन अरुंद होतो, पण फार पुढे आलं तर चेंडू डोक्यावरून जातो. पाय कुठे, नजर कुठे, मारणाऱ्याचं अंग कुठे झुकलंय, अशा बारकाव्यांत ही कादंबरी रमते. गोलमध्ये उभं राहणारं मूल ती पानं पुन्हा काढून वाचेल. उणीव अशी की शाळा नाही, मित्रांची टोळी नाही, विनोद बेताचाच. मुलाखतीतून भूतकाळात आणि परत, ही ये-जा अंगवळणी पडेपर्यंत दोन-तीन प्रकरणं जातात. त्याच पत्रकाराभोवती फिरणारी ‘द पेनल्टी’ आणि ‘एक्स्पोजर’ ही पुढची पुस्तकं बरीच मोठ्यांची आहेत, तेव्हा तिन्ही एकदम मागवू नयेत.

एडवर्ड ब्लूर यांचं ‘टँजरीन’ (१९९७) फ्लोरिडात घडतं. पॉलला जाड भिंगांचा चष्मा आहे, कायद्याच्या व्याख्येत तो अंध ठरतो, आणि तरी गोलरक्षक म्हणून चांगला आहे. शाळा विम्याचं कारण दाखवून त्याला संघातून काढते. मग जमीन खचून शाळेचा काही भाग खाली जातो आणि तो दुसऱ्या शाळेत दाखल होतो, जिथे संघात मुलीही आहेत आणि खेळ चांगलाच रांगडा आहे. मांडणी तारीखवार नोंदींची, त्यामुळे रोज एक-दोन नोंदी वाचून थांबता येतं. सुरुवात मात्र संथ: जमिनीखाली धुमसणारी आग, संत्र्याच्या जातीच्या फळांच्या बागा, नवं घर. ओढ लावतं ते रहस्य, पॉलची नजर गेली कशी आणि मोठ्या भावाची सगळ्यांना एवढी भीती का. हा भाऊ अमेरिकन फुटबॉलमधला किकर आहे. एकाच घरात दोन्ही खेळ असल्याने वाचणाऱ्याला तेवढा फरक आधी सांगून ठेवावा. घरातली हिंसा आणि मृत्यूही आहेत.

कादंबरी म्हणून ‘टँजरीन’ सरस, फुटबॉल म्हणून ‘कीपर’. रहस्यकथा आवडणाऱ्याला, मग त्याने कधी चेंडू मारलेला नसला तरी, ‘टँजरीन’ द्यावं.

या दोन्हींपेक्षा सोपं हवं असेल तर मिच जॉन्सन यांचं ‘किक’ (२०१७): जकार्तातल्या कारखान्यात फुटबॉलचे बूट शिवणारा बुडी, त्याचं स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबचं स्वप्न आणि वस्तीतला गुंड. वेग चांगला आहे. स्वतःच्या बुटांबद्दल मूल प्रश्न विचारील, तयारी ठेवावी.

चौदाच्या पुढे

यामिले साएद मेंदेस यांची ‘फ्यूरिया’ (२०२०) अर्जेंटिनातल्या रोसारिओची. कमिला घरी लपवून खेळते, भाऊ व्यावसायिक खेळाडू, वडील मारकुटे, आणि ज्याच्यावर तिचा जीव आहे तो मुलगा इटलीच्या युव्हेंटस क्लबमध्ये नाव काढतोय. प्रेमकथा बरीच आहे, पण तिच्यापायी खेळ मागे पडत नाही. त्याच्याबरोबर जायचं की आपलं करिअर धरायचं हाच पेच आहे. स्पॅनिश शब्द अधूनमधून येतात, संदर्भाने कळतात. मुलींसाठीचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवलं जातं, ते चूक आहे.

मायकेल विल्यम्स यांचं ‘नाऊ इज द टाइम फॉर रनिंग’ याहून जड. झिम्बाब्वेतलं गाव सैनिक उद्ध्वस्त करतात. देओ आणि त्याचा मतिमंद थोरला भाऊ इनोसंट सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत येतात. हत्याकांड सुरुवातीलाच आहे, हळव्या मुलाला सोसणार नाही. फुटबॉल मधल्या भागात जवळजवळ दिसत नाही, तो परततो तो रस्त्यावरच्या खेळातून, बेघरांच्या विश्वचषकाच्या दिशेने. तिथे संघात मैदानावर चौघंच असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. नेहमीच्या अकरा जणांच्या सामन्याचे डावपेच शोधू नयेत.

मोती नंदी यांच्या ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या मूळ बंगाली कादंबऱ्या इंग्रजीतही आल्या आहेत. पहिलीत गोल हुकल्यामुळे लाचखोरीचा शिक्का बसलेल्या खेळाडूचा मुलगा, दुसरीत उतारवयाला लागलेला बचावपटू. जुन्या कोलकात्याच्या क्लब-राजकारणात रस नसलेल्या मुलाने ‘स्ट्रायकर’पासून सुरुवात करावी, त्यातला नायक निदान वयाने जवळचा आहे.

हातात घेऊन तपासताना

मधला एखादा सामना काढून एक पान वाचावं. चेंडू कोणाकडे आहे, कोण कुठून धावतोय हे डोळ्यांसमोर येतं का? नुसता प्रेक्षकांचा गलका आणि नायकाची धडधड असेल, तर रोज खेळणाऱ्या मुलाला लेखक मैदानात उतरलेला नाही हे लगेच कळतं. मग सुरुवातीपासून पहिला चेंडू कोणत्या पानावर येतो ते बघावं. न वाचणाऱ्यासाठी तो दहाव्या पानाच्या आत हवा.

मालिकांचं गणित वेगळं. डॅन फ्रीडमन यांची जेमी जॉन्सन मालिका ‘द किक ऑफ’पासून क्रमानेच वाचावी लागते, कारण जेमी शाळेच्या मैदानावरून वर चढत जातो. तिथे मैदान भरपूर, बाकी भार हलका. सगळा संच एकदम घेऊ नये. पहिला भाग संपवून मुलाने स्वतः दुसरा मागितला तरच पुढचे घ्यावेत.