गच्चीवरच्या कुंड्यांना सोरा की कॅल्शियम नायट्रेट?

गच्चीवर टोमॅटो, मिरची, गुलाब लावणारा माणूस खताच्या दुकानात गेला की एका प्रश्नावर हमखास अडतो: १३-०-४५ घ्यावं की कॅल्शियम नायट्रेट? दोन्ही पांढरी, दोन्ही चटकन विरघळणारी, दोन्हींतलं नत्र झाडाला लगेच मिळणारं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. तिथे मी तीन वर्षं दोन्ही वापरली, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

१३-०-४५ (नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) म्हणजे आपला सोराच, पोटॅशियम नायट्रेट. इथे गुजरातीत त्याला सुरोखार म्हणतात आणि मांडवीकडे काष्ठौषधींच्या दुकानात तो कलमी सोरा म्हणून मिळतो. वैद्यांच्या श्वेत पर्पटीत तुरटी आणि नवसागराबरोबर असतो तो हाच. झाडांसाठी मात्र खताच्या दुकानातलाच आणावा, त्याची शुद्धता पाकिटावर लिहिलेली असते.

सोऱ्याची एक गंमत हाताला कळते. मी आधी दाट द्रावण करून ठेवतो: पाव किलो सोरा, लिटरभर पाणी. पहिल्यांदा ढवळलं तेव्हा स्टीलचं पातेलं बघता बघता गार पडलं आणि बाहेरून त्याला दव सुटलं. ‘ऐन-ए-अकबरी’त पाणी थंड करायची रीत दिली आहे तिच्या मुळाशी हेच आहे. १ शेर पाणी कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तोंड बंद करायचं आणि अडीच शेर सोरा, ५ शेर पाणी घातलेल्या भांड्यात ती सुरई पाव तास फिरवायची. ते वर्णन मी आधी वाचलं होतं, पण खरं वाटलं ते पातेल्याला हात लावल्यावर.

कॅल्शियम नायट्रेट परकं वाटतं, पण तेही घरचंच आहे. जुन्या गोठ्याच्या किंवा मोरीच्या भिंतीला लोणा लागतो, त्या पांढऱ्या भुकटीत ते बऱ्याचदा असतं. मूत्रातल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात आणि ते भिंतीतल्या चुन्याशी जोडलं जातं. बिहारात सारण, चंपारण, तिरहुतकडचे नोनिया, म्हणजे सोरा काढणारे लोक, अशी माती खरवडून पाण्यानं धूत आणि त्यात लाकडाची राख मिसळत. राखेतलं पोटॅश कॅल्शियमची जागा घेई, चुना खाली बसे आणि वरचं पाणी आटवलं की सोरा हाती येई. बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या त्या सोऱ्यासाठी डच आणि इंग्रज पाटण्यात ठाण मांडून बसले होते. १७५८ मध्ये क्लाइव्हनं मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारीच मिळवली.

राखेचा एवढा खटाटोप कशासाठी, ते मला आमच्या गच्चीवरच्या खोलीत समजलं. पहिल्या वर्षी दोन्ही खतं किलो-किलो आणली आणि घट्ट झाकणाच्या एकसारख्या बरण्यांत भरली. मेपर्यंत दोन्ही मोकळी होती. आषाढात एका सकाळी कॅल्शियमच्या बरणीत चमचा घातला तर तो रुतून बसला. वरचे दाणे काकवीसारखे चिकट झाले होते, तळाशी दगडासारखा गठ्ठा होता. आठवडाभरानं झाकणाच्या आट्यांतून पाणी ओघळलं, खालचा वर्तमानपत्राचा कागद भिजला आणि लोखंडी मांडणीवर तांबूस वर्तुळ उमटलं. किती ग्रॅम घेतो आहे याचा काही भरवसा राहिला नाही, कारण निम्मं वजन पाण्याचंच. शेजारच्या बरणीतला सोरा मात्र मिठासारखा सळसळत होता. ३० अंश तापमानाला हवेतली सापेक्ष आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास गेली की कॅल्शियम नायट्रेट पाणी ओढू लागतं, सोरा ९० टक्क्यांपर्यंत दम धरतो. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात हा फरक फार मोठा आहे. दुसऱ्या वर्षी पिशवीत पिशवी घालून पाहिली, तरी तेच झालं.

कॅल्शियमची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. टोमॅटोचं बूड काळं पडून कुजतं, तिथे कॅल्शियम कमी पडत असतं आणि ही उणीव सोरा भरून काढत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षी ही कीड नसलेली कीड बरीच होती. पण पाणी रोज ठरल्या वेळी द्यायला लागलो तशी ती आपोआप कमी झाली. आमच्या बोअरचं पाणीही इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तुमच्याकडे पाणी हलकं असेल आणि कुंडीत नुसतं कोकोपीट असेल, तर तुमचं गणित कदाचित वेगळं येईल.

आणखी एक: कॅल्शियम नायट्रेट सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात मिसळलं की पांढरा साका बसतो आणि पंपाचं नोझल तुंबतं. सोरा कशातही मिसळा, तक्रार करत नाही.

कुणी चिलीचा सोरा, म्हणजे सोडियम नायट्रेट सुचवलं तर कुंडीसाठी नको म्हणा. सोडियम मातीत साठत जातं. तोही ओल धरतोच. अटाकामाच्या वाळवंटात तो टिकला तो तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही म्हणून.

फुलं आणि फळं हवी असतील तर माझं मत सोऱ्याकडे झुकतं. कळ्या दिसू लागल्या की मी लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा देतो. गुलाबाच्या दांड्या ताठ राहतात, मिरची टिकून धरते. सोरा स्वतः पेटत नाही, पण आगीला जोर देतो, म्हणून बरणी गॅस, काडेपेटी आणि कोळशापासून लांब ठेवा. कॅल्शियम मी अजूनही आणतो, पण पाव किलोचंच पाकीट, आणि ते ज्येष्ठ लागायच्या आत संपवतो.