शिबिरात हृदयाची लय तपासायची, तर कशाने?

ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासणे आता नेहमीचे झाले आहे. त्यात यंदा हृदयाची लयही तपासायचे तुमच्या मंडळाच्या मनात असेल, तर पहिला प्रश्न यंत्राचाच निघतो. शोधायचा असतो तो एट्रियल फिब्रिलेशन हा विकार. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत अडकली की अर्धांगवायू. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. गुठळी होऊ न देणारी औषधे योग्य रुग्णाला मिळाली तर तो साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो. पुष्कळांना त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून तर मुद्दाम शोधायचे.

बिनपैशाचे साधन म्हणजे तीन बोटे. मनगटावर नाडी पूर्ण मिनिटभर बघावी. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सवय इथे नडते, कारण आपल्याला वेग नको, ताल हवा. बोटांना हा विकार सहसा चुकत नाही, पण मधूनच पडणारा एखादा जादा ठोकाही तसाच लागतो. त्यामुळे निरोगी माणसेही संशयितांत येतात. तरीही या पद्धतीला कमी लेखू नका. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेफ’ अभ्यासात ६५ वर्षांवरच्यांची आधी नाडी पाहिली आणि ती अनियमित लागली त्यांचाच ईसीजी काढला. सगळ्यांना ईसीजीसाठी बोलावले तेव्हा जेवढे नवे रुग्ण मिळाले, जवळजवळ तेवढेच असेही मिळाले.

लय ओळखणारे रक्तदाबाचे यंत्र सोयीचे, कारण दंडाला पट्टा बांधायचाच असतो. मात्र घेताना एट्रियल फिब्रिलेशनसाठी तपासलेले मॉडेल आहे का ते विचारा. पडद्यावर नुसते हृदयाचे चिन्ह लुकलुकणे म्हणजे ते नव्हे. शिवाय हातात ईसीजीची पट्टी, म्हणजे छापील आलेख, येत नाही, आणि त्या पट्टीशिवाय निदान होत नाही.

म्हणून माझा कौल हातात धरायच्या सिंगल लीड ईसीजीला, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख एकाच कोनातून टिपणाऱ्या छोट्या यंत्राला. दोन्ही हातांची बोटे ३० सेकंद टेकवली की आलेख मोबाइलवर येतो आणि डॉक्टर तो नंतरही वाचू शकतात. गुजरातच्या आणंद जिल्ह्यात असेच यंत्र घेऊन गावोगावच्या सुमारे २,१०० लोकांना तपासले, तेव्हा १.६ टक्के लोकांत हा विकार आढळला. हाच हिशोब धरला तर हजारात १६. समजा, यंत्राने निरोगी शंभरांपैकी पाच जणांना चुकून संशयित ठरवले, तर आणखी ४९ जण विनाकारण धास्तावतील. यंत्राचा शेरा तिथल्या तिथे कुणालाही वाचून दाखवू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. आलेख डॉक्टरांनी बघितल्यावरच बोलावे. बोटे कोरडी पडलेली असली किंवा हात कापत असला तर आलेख बिघडतो. बोटे किंचित ओली करून, हात टेबलावर टेकवून पुन्हा घ्यावा.

स्मार्ट घड्याळाचा विचार शिबिरासाठी सोडून द्या. ते एकाच मनगटावर दिवसेंदिवस राहिले तर कामाचे. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या ॲपलच्या अभ्यासातही बहुतेक जण तरुणच होते. आपले आजी-आजोबा त्यात थोडे.

छाती आणि हातापायांना तारा जोडून बारा कोनांतून काढलेला बारा लीडचा ईसीजी सर्वांत भरवशाचा, पण पलंग हवा, पडदा हवा, बायकांसाठी तंत्रज्ञ बाई हव्यात. तो सगळ्यांसाठी नको, संशयितांसाठी जवळच्या दवाखान्यात आधीच ठरवून ठेवा.

आता पदरी पडते किती, तेही स्पष्ट सांगतो. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे रोज ईसीजी काढायला लावले. सुमारे सात वर्षांनी पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४ टक्क्यांनीच कमी झाले. बोलावलेल्यांपैकी निम्मेच आले होते. डेन्मार्कमध्ये त्वचेखाली यंत्र बसवून तिप्पट निदाने झाली, तरी पक्षाघातात ठाम घट दिसली नाही. विकार येऊन-जाऊनही असतो, तेव्हा ३० सेकंदांत लय ठीक आली म्हणजे तो नाहीच, असेही नव्हे.

म्हणून पैसे दोन यंत्रांवर न घालवता एकावर घाला आणि उरलेले पाठपुराव्याला ठेवा. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेले रुग्ण अजून भेटतात. त्यांना गुठळी रोखणारी नवी औषधे चालत नाहीत, वॉर्फरिनसारखे जुने औषध आणि नियमित आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी रक्ततपासणी) लागतो. नोंदवहीत रुग्णाबरोबर मुलाचा किंवा सुनेचा नंबर लिहून घ्या, महिन्याने फोन करा. शिबिराला न येणाऱ्यांसाठी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याला लोक बँकेत जमतात, तिथे व्यवस्थापकांची परवानगी काढून एक टेबल मांडा.