शिसे-बिस्मथच्या जनित्रात पोलाद कसं वाचवावं: ऑक्सिजन सांभाळून की ॲल्युमिनाच्या थराने?

या जनित्रात वितळलेलं शिसे-बिस्मथ नळ्यांच्या बंद फेऱ्यातून, म्हणजे लूपमधून, फिरतं आणि चुंबकीय क्षेत्रातून जाताना वीज देतं. या लूपमध्ये पोलाद गंजण्याआधी विरघळतं. सगळ्यात आधी निकेल जातं, म्हणून गरम बाजूला ३१६एल हे निकेलवालं स्टेनलेस पोलाद टाळावं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. खरी अडचण त्यानंतरची. ऑक्सिजन मोजूनमापून सोडायचा आणि पोलादाला स्वतःची ऑक्साइडची साल धरू द्यायची, की पृष्ठभागात ॲल्युमिनियम जिरवून ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, थर आणायचा? मी दोन्ही करून पाहिलंय.

पहिला मार्ग वाईट मुळीच नाही. पोलाद नेहमीचंच लागतं, आणि साल कुठे निघाली तर ती पुन्हा धरते. पण ऑक्सिजनला वावरायला जागा फार थोडी. कमी पडला तर मॅग्नेटाइट, म्हणजे पोलादावरची लोखंडाच्या ऑक्साइडची साल, टिकत नाही, जास्त झाला तर शिशाचं ऑक्साइड गाळ होऊन बसतं. १९६८ मध्ये सोव्हिएत के-२७ पाणबुडीची अणुभट्टी अशाच ऑक्साइडच्या गाळाने तुंबली होती.

माझं मन उडालं ते ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवरून. झिर्कोनिया या सिरॅमिकची करंगळीएवढी नळी. लूप थंड केला की तिला चीर जाणार ही धास्ती कायमची. एकदा चीर डोळ्यांना दिसलीच नाही. आकडा स्थिर होता, आम्ही त्याच्या भरवशावर ऑक्सिजन सोडत राहिलो. नवव्या दिवशी प्रवाह मंदावला. थंड बाजूची फ्लँज उघडली तर गाळणीच्या जाळीवर बोटाच्या पेराएवढा पिवळट-करडा थर! त्या सकाळपासून एका नळीवर सगळा लूप सोपवायला माझा जीव धजत नाही.

ॲल्युमिना मॅग्नेटाइटपेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो. त्यामुळे मोजमाप थोडं चुकलं तरी लगेच आकाश कोसळत नाही. पृष्ठभागात ॲल्युमिनियम साधारण ४ ते ८ टक्के हवं; कमी असेल तर थर सलग होत नाही, फार झालं तर ते शिशात उतरू लागतं. जनित्राला आणखी एक फायदा आहे, जो नुसत्या उष्णतेच्या लूपमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही: ॲल्युमिना विद्युतरोधक असल्याने चुंबकीय क्षेत्रातल्या नलिकेच्या भिंतींतून विद्युतप्रवाह फुकट वळत नाही. इलेक्ट्रोडवर, म्हणजे जिथून वीज बाहेर घ्यायची तिथे, मात्र तोच थर घात करेल. तिथे आम्ही मोलिब्डेनम हा धातू बसवला. तो या मिश्रणात जवळपास विरघळतच नाही.

तुमचा लूप आधीच जोडून तयार असेल आणि रोज सेन्सरकडे बघणारं माणूस हाताशी असेल, तर कदाचित पहिलाच मार्ग सोयीचा पडेल. नव्याने बांधत असाल तर मी ॲल्युमिनाकडे झुकेन, फक्त आधी वेल्डिंग आणि मगच लेप. आम्ही क्रम उलटा केला होता. नंतर कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा भिंत कोरी करकरीत होती आणि सांध्यालगतची दोन मिलिमीटरची पट्टी कुरतडल्यासारखी खडबडीत.