शंभर मीटरांच्या आतलं घर आणि पुरातत्त्वाची ना-हरकत

बीबीच्या मकबऱ्याशेजारी बेगमपुरा, दौलताबाद किल्ल्याच्या पायथ्याशी गाव. अशा वस्तीत पडकी भिंत सांधायची किंवा छत दुरुस्त करायचं तर आधी केंद्राच्या पुरातत्त्व कायद्याखालची ना-हरकत काढावी लागते. या सेवेला पाचपैकी तीन तारे. नियम पक्के आहेत, मुदती ठरलेल्या आहेत. भाषा मात्र वकिली, आणि तिथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

पहिली चूक टेप लावतानाच होते. अंतर घुमटापासून किंवा बुरुजापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजतात. तिथून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम. "आमचं घर मकबऱ्यापासून लांब आहे" हे सांगून उपयोग नाही, कुंपणापासून किती लांब ते सांगा.

प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाहीच. तिथं अर्ज करता येतो तो फक्त दुरुस्ती-नूतनीकरणाचा, आणि घर 16 जून 1992 पूर्वीचं असेल तर (किंवा नंतरचं, पण पुरातत्त्वाच्या महासंचालकांच्या मंजुरीनं बांधलेलं). म्हणून सगळा भार पुराव्यावर येतो. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा, नोंदणीकृत खरेदीखत, जुनं लाइट बिल, जे असेल ते जोडा. मराठवाड्यात निजामकाळातले कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. त्यांचं भाषांतर करून सोबत लावलं नाही तर ते असून नसल्यासारखे.

आता शब्दांचा घोळ. कायद्यातली 'दुरुस्ती' म्हणजे उभ्या घरात केलेले बदल. घर पाडून त्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभारलं तर ती 'पुनर्बांधणी', आणि दुरुस्तीच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. गॅलरी पुढे काढणं, मजला चढवणं हे तर सरळ बांधकामच. सार्वजनिक गटार, सार्वजनिक शौचालय, नळयोजना, वीजपुरवठा यांना सूट आहे. स्वतःच्या अंगणातल्या नव्या संडासाला नाही.

यात सगळ्यात जास्त अडकतं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती. गळायला लागलं की दर उन्हाळ्यात वरून नवा थर टाकायची सवय. एक फूट जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला अंदाजे पावणेपाचशे किलो वजन, ओला झाला की आणखी जास्त. तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं आणि छत एका बाजूला बसतं. मग मिस्त्री सांगतो, "काढा सगळं, स्लॅब टाकू." तो स्लॅब 'दुरुस्ती'त बसवणं अवघड. अर्जात असं लिहा: जुना मातीचा थर उतरवणे, कुजलेल्या तुळया तेवढ्याच मापाच्या सागवानी तुळयांनी बदलणे, मातीचा थर मूळ जाडीचा ठेवणे, उंचीत वाढ नाही. सोबत आधीचा नकाशा, नंतरचा नकाशा, छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा) आणि चारही बाजूंचे फोटो. उंची देताना कठडा आणि पाण्याची टाकी धरून द्या.

कायद्याचा जोर अंतर आणि उंचीवर. भिंतीत काय भरणार हे अर्जदारानंच नेमकं लिहिलेलं बरं: एक भाग चुना, तीन भाग वाळू, सिमेंट नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, क्षार वर येतात आणि वीट भुगा होते.

मुदतीचा हिशोब: सक्षम प्राधिकाऱ्यानं (अर्ज घेणारा आणि निर्णय देणारा अधिकारी) अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस द्यायची, मग महिनाभरात निर्णय. एकूण साडेतीन महिने, तेही कागद पूर्ण असतील तर. गणपतीत अर्ज टाकला तर थंडीत काम निघतं, आणि चुन्याला तेच मानवतं. मे महिन्याच्या उन्हात गिलावा पटकन वाळतो आणि तडकतो, ओली पोती कितीही पांघरा.

ही ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. नगरपालिकेची किंवा महापालिकेची वेगळी लागते. नळदुर्गसारख्या राज्य संरक्षित किल्ल्याजवळ राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे जायचं. परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंजूर नकाशाची प्रत कामाच्या जागी ठेवा आणि मिस्त्रीला वाचून दाखवा. साहेबाच्या सहीनंतरचा "जाता जाता एक खोली वाढवू" हा सल्ला त्याच्याकडूनच येतो.